पायथनमधून कुबरनेटिस डिप्लॉयमेंट: कॉलला २०० येतो, मग नवी आवृत्ती का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा. कुबरनेटिस ही कंटेनर चालवणारी यंत्रणा; एखादं ॲप कुठल्या इमेजने (तयार बांधलेल्या संचाने) आणि किती प्रतींत चालावं याची तिच्यातली नोंद म्हणजे डिप्लॉयमेंट. एक अंतर्गत पायथन सेवा कुबरनेटिसच्या अधिकृत क्लायंट लायब्ररीतून डिप्लॉयमेंटची इमेज बदलते. कॉल यशस्वी होतो (एचटीटीपीचा २०० येतो), सेवा 'डिप्लॉय झालं' असं कळवून मोकळी होते आणि नंतर लक्षात येतं की जुनीच आवृत्ती चालू आहे. मधूनच ४०९, म्हणजे बदलांची टक्कर झाल्याचा कोड, येतो. आणि रोलबॅक करायची, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परतायची, मेथड लायब्ररीत शोधूनही सापडत नाही.

तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. लायब्ररी डिप्लॉय करत नाही. ती एपीआय सर्व्हरकडे 'मला असं हवं आहे' एवढी नोंद करते. पुढचं काम डिप्लॉयमेंट कंट्रोलर, पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट) कुठे चालवायचे ते ठरवणारा शेड्युलर आणि नोडवरचा (प्रत्यक्ष मशीनवरचा) क्यूबलेट आपापल्या वेळेने करतात. २०० आला म्हणजे ती नोंद एटसीडीमध्ये, म्हणजे क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये, लिहिली गेली, बस्स. इमेजच्या नावात चूक असली तरी २०० च येणार, कारण एपीआय सर्व्हर रजिस्ट्रीला (इमेजच्या साठ्याला) काही विचारायला जात नाही. त्यामुळे अशा सेवेत लिहिण्याचा कोड चार ओळींचा असतो आणि वाचून खात्री करण्याचा चाळीस ओळींचा. तुमच्याकडे बहुधा पहिल्या चारच ओळी आहेत.

आधी जोडणी नीट करा

सेवा क्लस्टरच्या आत चालत असेल तर 'लोड_इनक्लस्टर_कॉन्फिग', बाहेर चालत असेल तर 'लोड_क्यूब_कॉन्फिग'. बरेच जण आधी पहिलं करून बघतात आणि जमलं नाही तर दुसऱ्याकडे वळतात. हे ठीक आहे, पण दुसऱ्या फाट्यावर कॉन्टेक्स्टचं (कुठल्या क्लस्टरशी बोलायचं त्या नोंदीचं) नाव स्पष्टपणे द्या. नाव दिलं नाही तर फाइलमध्ये त्या क्षणी जो कॉन्टेक्स्ट निवडलेला असेल तो घेतला जातो, आणि तो कधीतरी प्रॉडक्शनचा निघतोच.

लायब्ररीची आवृत्ती क्लस्टरशी जुळती ठेवा. क्लायंटचा पहिला आकडा कुबरनेटिसच्या दुसऱ्या आकड्याशी जुळतो: क्लायंट २९ म्हणजे कुबरनेटिस १.२९. एकदोन पावलं मागेपुढे असली तरी डिप्लॉयमेंटचं काम अडत नाही, पण जुन्या क्लायंटच्या मॉडेलमध्ये नसलेली फील्ड वाचताना गळतात. असं वाचलेलं ऑब्जेक्ट पूर्णच्या पूर्ण परत लिहिलंत तर ती फील्ड क्लस्टरमधूनही जातात.

टाइमआउटचं मात्र विसरू नका. डीफॉल्टने या क्लायंटला टाइमआउट नाही. मधला लोड बॅलन्सर जोडणी गपचूप सोडून बसला तर तुमचा थ्रेड कायमचा लटकतो. प्रत्येक कॉलला '_रिक्वेस्ट_टाइमआउट' द्या, जोडणी आणि वाचन यांचे वेगळे आकडे, उदाहरणार्थ ५ आणि ३० सेकंद. वॉचमधलं (बदल सतत ऐकत राहणाऱ्या कॉलमधलं) 'टाइमआउट_सेकंड्स' वेगळं आहे. ते सर्व्हरने वॉच कधी बंद करावा हे सांगतं, तुमच्या सॉकेटचं रक्षण करत नाही.

रिप्लेस की पॅच

तुमचा ४०९ कुठून येतो ते इथे कळतं. 'रीड' करून ऑब्जेक्ट घ्यायचं, त्यात इमेज बदलायची आणि 'रिप्लेस' करायचं, या पद्धतीत वाचलेल्या ऑब्जेक्टसोबत त्याचा रिसोर्स व्हर्जनही परत जातो. मधल्या वेळेत कोणीही ते ऑब्जेक्ट बदललं असेल तर सर्व्हर ४०९ देतो. आणि रोलआउट (जुने पॉड काढून नवे आणणं) चालू असताना कंट्रोलर स्वतःच स्टेटस सारखं बदलत असतो, दर बदलाला व्हर्जन पुढे सरकतो. म्हणजे एकामागोमाग दोन डिप्लॉय केले की दुसऱ्याला ४०९ मिळणं अगदी स्वाभाविक आहे.

काही जण यावर उपाय म्हणून रिसोर्स व्हर्जन काढून टाकतात. डिप्लॉयमेंटच्या बाबतीत सर्व्हर तसं चालवूनही घेतो. पण मग दुसऱ्या कोणी मधल्या काळात केलेला बदल तुम्ही बिनबोभाट पुसता, आणि ४०९ ची तक्रार गेली म्हणून समाधान मानता. तसं करू नका. इमेज बदलण्यासारख्या कामाला 'पॅच_नेमस्पेस्ड_डिप्लॉयमेंट' वापरा आणि बॉडीत फक्त जे बदलायचं तेवढंच पाठवा: स्पेक, टेम्प्लेट, स्पेक, कंटेनर्स आणि त्या यादीत एकच घटक, नाव आणि इमेज असलेला. डिक्शनरी दिली की पायथन क्लायंट ती स्ट्रॅटेजिक मर्ज पॅच म्हणून पाठवतो. या प्रकारात कंटेनर नावाने जुळवले जातात, त्यामुळे साइडकार (ॲपच्या सोबतीचा मदतनीस कंटेनर) जागच्या जागी राहतो. डिक्शनरीऐवजी यादी दिली तर तोच कॉल जेसन पॅच होतो, आणि त्यात कंटेनर क्रमांकाने ओळखावा लागतो. शून्य क्रमांकाला तुमचंच ॲप असेल याची खात्री कोण देणार? साइडकार आपोआप घुसवणारं काही क्लस्टरमध्ये असेल, तर क्रमांकावर विसंबू नये हे बरं.

नावात टायपो झाला तर काय होतं हेही माहीत असू द्या. स्ट्रॅटेजिक मर्जमध्ये न जुळणारं नाव म्हणजे नवा कंटेनर. 'ॲप' ऐवजी 'आप' लिहिलंत तर पॉडमध्ये दोन कंटेनर येतात, एक जुन्या इमेजचा आणि एक नव्या. दोघांना एकच पोर्ट हवं असतं, दुसरा पडत राहतो. म्हणून पॅच करण्याआधी एकदा वाचून त्या नावाचा कंटेनर खरंच आहे ना, हे तपासा.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही नावानेच जुळवले जातात. त्यामुळे नव्या यादीतून एखादा वगळला म्हणून तो क्लस्टरमधून जात नाही; काढायचा असेल तर त्या घटकात नावासोबत डॉलर चिन्ह लावलेली 'पॅच' ही की घालून तिची किंमत 'डिलीट' द्यावी लागते. यातला सगळ्यात चिवट प्रकार असा: एखादा व्हेरिएबल आधी साध्या 'व्हॅल्यू'ने दिलेला होता आणि आता तो सीक्रेटमधून, 'व्हॅल्यू फ्रॉम'ने, घ्यायचा आहे. फक्त नवं फील्ड पाठवलंत तर मर्ज झाल्यावर दोन्ही फील्ड एकत्र येतात आणि सर्व्हर ४२२ (अवैध विनंती) देतो. जुनी 'व्हॅल्यू' नल करून पाठवावी लागते. आणि इथेच लायब्ररीचा एक स्वभाव आडवा येतो. 'व्ही१एन्व्हव्हार' सारखं टाइप्ड ऑब्जेक्ट दिलंत तर त्यातली 'नन' असलेली प्रत्येक फील्ड पाठवण्याआधी गाळली जाते, म्हणजे तुमचा नल सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. साध्या डिक्शनरीतला 'नन' मात्र नल होऊन जातो. म्हणून पॅचची बॉडी नेहमी डिक्शनरीच ठेवावी, टाइप्ड ऑब्जेक्ट नाही.

पण ती डिक्शनरी 'टू_डिक्ट'ने बनवू नका. 'टू_डिक्ट' पायथनच्या पद्धतीची, अंडरस्कोअरवाली नावं देतं. सर्व्हरला उंटाच्या पाठीसारखी वरखाली अक्षरांची नावं लागतात. गंमत म्हणजे 'नेम' आणि 'इमेज' दोन्हीकडे सारखेच असल्याने इमेज बदलते, आणि 'टर्मिनेशन_ग्रेस_पीरियड_सेकंड्स' किंवा 'इमेज_पुल_पॉलिसी' मुकाट्याने बाजूला टाकले जातात. एरर नाही. सर्व्हर इशारा देतो तो हेडरमध्ये, आणि हेडर कोण बघतं? ऑब्जेक्टपासून योग्य डिक्शनरी हवी असेल तर 'एपीआयक्लायंट'चं 'सॅनिटाइझ_फॉर_सीरियलायझेशन' वापरा. शिवाय कॉलला 'फील्ड_व्हॅलिडेशन' हा पॅरामीटर 'स्ट्रिक्ट' द्या. अनोळखी फील्ड दिसलं की सर्व्हर विनंतीच नाकारतो. कुबरनेटिस १.२७ पासून ही सोय स्थिर आहे. 'ड्राय_रन' ला 'ऑल' देऊन तोच पॅच आधी कोरडा पाठवता येतो: पडताळणी आणि ॲडमिशन (क्लस्टरच्या नियमांची तपासणी) सगळं होतं, फक्त लिहिलं जात नाही.

'झालं' म्हणण्याची अट

आता मुख्य दुखणं. पॅचनंतर लगेच डिप्लॉयमेंट वाचून उपलब्ध पॉड मागणीइतके आहेत का बघितलं, तर उत्तर जवळजवळ नेहमी 'हो' येतं. कंट्रोलरने अजून नवा स्पेक पाहिलेलाच नसतो. स्टेटसमधले आकडे जुन्या आवृत्तीचे असतात. तीन हवेत, तीन अपडेटेड, तीन उपलब्ध. सगळं हिरवं, आणि सगळं शिळं.

यासाठीच मेटाडेटात 'जनरेशन' आणि स्टेटसमध्ये 'ऑब्झर्व्ड_जनरेशन' आहे. स्पेक बदलला की पहिला वाढतो. कंट्रोलरने तो बदल पाहिला की दुसरा त्याला गाठतो. पॅचच्या उत्तरातच नवा जनरेशन मिळतो, तो जपून ठेवा आणि दर दोन-तीन सेकंदांनी वाचताना याच क्रमाने तपासा:

१. ऑब्झर्व्ड जनरेशन जपलेल्या जनरेशनपेक्षा कमी असेल तर बाकी काहीच बघू नका, थांबा.

२. 'प्रोग्रेसिंग' या कंडिशनचं कारण 'प्रोग्रेसडेडलाइनएक्सीडेड' असेल तर रोलआउट फसला. थांबवा आणि कारण शोधायला लागा.

३. अपडेटेड रेप्लिका (नव्या टेम्प्लेटच्या पॉड-प्रती) मागणीपेक्षा कमी असतील तर नवे पॉड अजून तयार होताहेत.

४. एकूण रेप्लिका अपडेटेडपेक्षा जास्त असतील तर जुने पॉड अजून जायचे आहेत.

५. उपलब्ध रेप्लिका अपडेटेडपेक्षा कमी असतील तर नवे पॉड अजून रेडी नाहीत.

हे पाचही पार पडले तरच झालं. क्यूबसीटीएलची (कुबरनेटिसच्या कमांड लाइन साधनाची) 'रोलआउट स्टेटस' ही आज्ञा याच तर्कावर चालते.

पायथनमध्ये दोन बारीक खाचा आहेत. स्टेटसमधला आकडा शून्य असेल तर ते फील्ड सर्व्हरकडून येतच नाही आणि लायब्ररी 'नन' देते, त्यामुळे तुलना करताना टाइप एरर येतो; स्टेटसच्या आकड्यांना 'ऑर ०' लावा. मात्र स्पेकमधल्या 'रेप्लिकाज'ला 'ऑर १' लावू नका. कोणी मुद्दाम शून्यावर आणलेलं डिप्लॉयमेंट मग एक पॉड मागतंय असं तुमचा कोड समजेल आणि टाइमआउटपर्यंत वाट बघत बसेल. 'पॉज्ड' खरं असेल तरीही वाट बघण्यात अर्थ नाही. ते आधीच तपासा. आणि तुम्ही थांबलेले असताना दुसऱ्याने पॅच केला तर जनरेशन तुमच्यापुढे जाईल. म्हणून शेवटी टेम्प्लेटमधली इमेज अजून तुमचीच आहे ना, हे बघूनच यश कळवा.

प्रोग्रेस डेडलाइन डीफॉल्टने ६०० सेकंद आहे आणि थोडी जरी प्रगती झाली तरी हे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तुमची एकूण मर्यादा त्याहून मोठी ठेवा, नाहीतर कंट्रोलरने निकाल द्यायच्या आत तुम्हीच हार मानाल. डेडलाइन उलटली म्हणून कुबरनेटिस आपणहून मागे फिरत नाही. तो फक्त कंडिशन लिहितो आणि प्रयत्न चालूच ठेवतो.

यामुळेच फसलेला रोलआउट कोणाच्या लक्षात येत नाही. दहा रेप्लिका धरा. मॅक्स सर्ज (किती पॉड जास्तीचे चालतील) आणि मॅक्स अनअव्हेलेबल (किती कमी चालतील) दोन्ही डीफॉल्टने २५%. सर्ज वर पूर्णांकित होतो, म्हणजे ३. अनअव्हेलेबल खाली, म्हणजे २. जास्तीत जास्त १३ पॉड, कमीत कमी ८ उपलब्ध. नवी इमेज मोडकी असेल तर ८ जुने पॉड सेवा देत राहतात, वापरणाऱ्याला काही जाणवत नाही, आणि तुमच्याकडे 'डिप्लॉय झालं' असा निरोप. एकाच रेप्लिकाला हाच हिशोब सर्ज १, अनअव्हेलेबल ० असा होतो. नेमस्पेसला (क्लस्टरमधल्या कप्प्याला) कोटा लावला असेल तर तो १३ पॉडना पुरतोय ना, हेही पाहा. आणि हे सगळं रेडिनेस प्रोब (पॉड विनंत्या घ्यायला तयार आहे का याची तपासणी) असेल तरच खरं. प्रोब नसेल तर कंटेनर सुरू झाला की तो रेडी मानला जातो, आणि मोडकी आवृत्ती वरच्या पाचही अटी दिमाखात पास होते.

आणखी एक शक्यता: पॅच केला, पण जनरेशन वाढलाच नाही. टॅग तोच ठेवून रजिस्ट्रीत नवी इमेज ढकलली की असं होतं. टेम्प्लेट अक्षरशः तेच असेल तर कंट्रोलरच्या दृष्टीने करायला काही नसतं. दर बिल्डला वेगळा टॅग द्या, किंवा सरळ डायजेस्ट (इमेजच्या मजकुराचा हॅश) वापरा. कॉन्फिगमॅप (सेटिंग्जचं वेगळं ऑब्जेक्ट) बदलल्यानेही रोलआउट होत नाही; त्यातल्या मजकुराचा हॅश पॉड टेम्प्लेटच्या ॲनोटेशनमध्ये ठेवला की मजकूर बदलला तर टेम्प्लेट बदलतं. नुसतं रीस्टार्ट हवं असेल तर टेम्प्लेटवर वेळेचं ॲनोटेशन टाका, क्यूबसीटीएल 'रीस्टार्टेडॲट' नावाने तेच करतं. ती वेळ रीट्रायच्या लूपबाहेर एकदाच काढा. लूपच्या आत काढलीत आणि टाइमआउटनंतर पुन्हा पाठवलीत, तर एकाऐवजी दोन रोलआउट होतील.

अडकलं तर का अडकलं

'टाइमआउट झाला' एवढाच निरोप देणारी सेवा अर्धवट आहे. कारण शोधायला आधी नवा रेप्लिकासेट (डिप्लॉयमेंटच्या एका आवृत्तीचे पॉड सांभाळणारं ऑब्जेक्ट) मिळवा: डिप्लॉयमेंटच्या सिलेक्टरने यादी घ्या, ओनर रेफरन्समधला यूआयडी जुळवा आणि 'रिव्हिजन' ॲनोटेशन डिप्लॉयमेंटवरच्याइतकंच असलेला निवडा. त्याच्या पॉड टेम्प्लेट हॅशच्या लेबलने पॉड काढा. पॉड एकही नसेल तर डिप्लॉयमेंटची 'रेप्लिकाफेल्युअर' कंडिशन बघा. तिथे बहुतेक वेळा कोटा किंवा ॲडमिशनचा नकार लिहिलेला असतो.

पॉड असतील तर कंटेनर स्टेटसमधलं वेटिंगचं कारण बोलकं असतं. 'इमेजपुलबॅकऑफ' म्हणजे नाव, टॅग किंवा रजिस्ट्रीचं सीक्रेट. 'क्रिएटकंटेनरकॉन्फिगएरर' म्हणजे बहुधा उल्लेखलेला कॉन्फिगमॅप, सीक्रेट किंवा त्यातली की सापडत नाही. 'क्रॅशलूपबॅकऑफ' दिसला तर आधीच्या कंटेनरचा लॉग घ्या, लॉगच्या कॉलला 'प्रीव्हियस' खरं करून. आताच्या कंटेनरचा लॉग बऱ्याचदा रिकामा मिळतो. शेवटची स्थिती 'ओओएमकिल्ड' आणि एक्झिट कोड १३७ असेल तर मेमरीची मर्यादा. पॉड शेड्युलच झाला नसेल तर 'कंटेनर_स्टेटसेस' ही रिकामी यादी नसून 'नन' असते, आणि निदान करणारा कोडच तिथे कोसळतो. इनिट कंटेनरचे स्टेटस वेगळ्या फील्डमध्ये असतात, तेही बघा. इव्हेंट डीफॉल्टने एक तासच टिकतात, तेव्हा फसल्याक्षणीच ते गोळा करून निरोपासोबत जोडा.

रोलबॅक

मेथड सापडत नाही कारण ती नाही. जुन्या 'एक्स्टेन्शन्स' गटात रोलबॅकचा एंडपॉइंट होता. 'ॲप्स/व्ही१' मध्ये तो ठेवलेला नाही. क्यूबसीटीएलही 'अनडू'साठी क्लायंटच्या बाजूनेच काम करतं. तुम्हीही तेच करा: जुन्या रिव्हिजनचा रेप्लिकासेट शोधा, त्याचं टेम्प्लेट घ्या, त्यातलं पॉड टेम्प्लेट हॅशचं लेबल काढा आणि जेसन पॅचने टेम्प्लेट संपूर्ण बदला. इथे स्ट्रॅटेजिक मर्ज चालत नाही. नव्या आवृत्तीत आलेले व्हेरिएबल आणि व्हॉल्यूम त्याने मागे राहतात आणि जुनी इमेज नव्या कॉन्फिगवर चालू होते. सातव्यावरून सहाव्यावर गेलात तर तोच रेप्लिकासेट आता आठवा रिव्हिजन होतो आणि सहावा म्हणून कोणी उरत नाही. म्हणून 'एक पाऊल मागे' असा आकडा साठवून ठेवू नका, इमेजवरून शोधा. जुने रेप्लिकासेट डीफॉल्टने १० च ठेवले जातात. रोलबॅक हाही रोलआउटच आहे, त्यालाही वरच्या पाच अटी लागू.

रेप्लिका कोणाच्या

एचपीए (भारानुसार पॉड कमीजास्त करणारा ऑटोस्केलर) असेल तर तुमच्या कोडने रेप्लिकांना हात लावू नये. पॅचमध्ये ते फील्ड नसलं की झालं. पण 'रिप्लेस'मध्ये ते वगळलंत तर सर्व्हर डीफॉल्ट भरतो, आणि डीफॉल्ट १ आहे. वीस पॉडवर चाललेली सेवा त्या क्षणी एकावर येते, एचपीए पुन्हा चढवेपर्यंत. रिप्लेस टाळायचं हे आणखी एक कारण. फील्डचे मालक अनेक असतील तर कुबरनेटिस १.२२ पासून स्थिर झालेलं सर्व्हर-साइड अप्लाय जास्त स्वच्छ पडतं. पायथनमध्ये डायनॅमिक क्लायंटचं 'सर्व्हर_साइड_अप्लाय' त्यासाठी आहे; 'फील्ड_मॅनेजर'चं नाव कायम एकच ठेवा आणि 'फोर्स_कॉन्फ्लिक्ट्स' सवयीने लावू नका. तिथे येणारा ४०९ 'हे फील्ड दुसऱ्याचं आहे' असं सांगतो, तो रीट्राय करून जात नाही. तसा ४०९ 'क्रिएट'लाही येतो, आधीच अस्तित्वात असल्याचा. आकडा सारखा असला तरी 'क्रिएट'च्या एक्सेप्शनच्या बॉडीतलं 'रीझन' वेगळं असतं. त्यावरून निर्णय घ्या.

परवानग्या देताना हात आखडता घ्या. डिप्लॉयमेंटवर 'पॅच' करता येणं म्हणजे त्या नेमस्पेसमधलं कुठलंही सीक्रेट आपल्या पॉडमध्ये माउंट करून वाचता येणं. म्हणून क्लस्टररोल नको, नेमस्पेसपुरता रोल पुरतो: डिप्लॉयमेंटवर गेट आणि पॅच, रेप्लिकासेट, पॉड, इव्हेंटवर लिस्ट, पॉडच्या लॉगवर गेट. स्केलचा कॉल वापरणार असाल तर 'डिप्लॉयमेंट्स/स्केल' वेगळं मागावं लागतं, नाहीतर ४०३ (परवानगी नाही).

हे सगळं तपासायला स्थानिक 'काइंड' क्लस्टर पुरेसा आहे. प्रोग्रेस डेडलाइन २० सेकंद ठेवा आणि चार केस मुद्दाम बिघडवा: अस्तित्वात नसलेला टॅग, सुरू होताच बंद पडणारा कंटेनर, कधीच रेडी न होणारा प्रोब, आणि नोडवर मावणार नाही इतकी मेमरीची मागणी. चारही वेळा तुमच्या सेवेने अपयश कळवलं आणि कारण बरोबर सांगितलं, तरच ती प्रॉडक्शनकडे न्या.